हिरव्या बांगड्यांचं पदक

सेलूहून आलेल्या पंचफुलानं पिशवीतून डझनभर हिरव्या बांगड्या काढून नंदिनीच्या ओट्यावर ठेवल्या. एकही फुटलेली नव्हती.

"याच्यातूनच पदक करा, गळ्यात घालाले," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत पाहिजे. घरी लोक जमतील, तेव्हा गळा भुंडा नको दिसाले."

सहा वर्षांपूर्वी नंदिनीचा नवरा गेला, तेव्हा भावकीतल्या बायांनी तिचे हात दगडावर दाबून चुडा फोडला होता. मनगटावरचा वण अजून होता. ही मात्र बांगड्या अख्ख्या घेऊन आली. सेलूच्या लोकांना तरी अक्कल आली म्हणायची! नंदिनीला मनापासून बरं वाटलं.

"कधी झालं?" तिनं हळूच विचारलं.

"ते नका विचारू, ताई." पंचफुलानं पदर गळ्याशी घट्ट ओढून घेतला.

"पदकाच्या डबीवर नाव कोणाचं टाकू?"

"रूपराव." नवऱ्याचं नाव तिनं न अडखळता घेतलं. आता बिचारीनं लाजायचं तरी कोणासाठी, असं नंदिनीच्या मनात आलं.

नालवाडीतल्या त्या स्वयंपाकघरात नंदिनीचा सगळा धंदा भावानं पुण्याहून पाठवलेल्या मायक्रोवेव्हवर चाले. आत डब्याएवढी भट्टी ठेवायची, भट्टीत काचेचे तुकडे. चार-पाच मिनिटांत काच वितळून एकजीव. कानातले, पदकं तिनं पुष्कळ केली होती, पण असल्या बांगड्यांचं काम पहिलंच. बिघडलं तर या बाईच्या सौभाग्याच्या दुसऱ्या बांगड्या आणायच्या कुठून?

दोन हजार सात सालचं भारनियमन. मंगळवारी दुपारी एकदाची लाइन आली आणि तिनं बांगड्यांचे तुकडे करून भट्टीत रचले. नंतर पाऊण तास झाकणाला हात लावला नाही, कारण गरम काचेला वारा लागला की ती तडकते. जीव मुठीत धरून ती स्टुलावर बसून राहिली.

पदक अख्खं निघालं, हिरवंगार. नंदिनीला रडूच फुटलं. आपल्या वेळी असं कोणी केलं असतं तर! आता शुक्रवारची वाट कशाला बघायची? बाई उघड्या गळ्यानं बसली असेल. बुधवारी सकाळीच तिनं सेलूची एसटी धरली.

विचारत विचारत ती घरी पोचली. अंगणात सतरंजी नव्हती, भेटायला आलेली माणसं नव्हती. शाल पांघरलेल्या एका माणसानं भिंतीच्या आधारानं येऊन दार उघडलं. दीर असावा.

"पंचफुलाताईंचं पदक आणलं," नंदिनी दबक्या आवाजात म्हणाली. "रूपरावांचं ऐकून लय वाईट वाटलं, भाऊ."

"अवो, एवढं काही नाई झालं!" हसता हसता तो पोट धरून उंबऱ्यावर बसला. "मीच रूपराव. या ना. पंचफुला आत काढा करून राह्यली. परवापासून तो घेतो, तशी पोटात नुसती आग पडली, पण बिचारी मले एक थेंब बी टाकू देत नाई."