आवाजातला ताप

अंगाई म्हणावी तशा मऊ आवाजात विश्वंभर म्हणाला, "वस्ती मीच पेटवली, साहेब. घाण साफ करावीच लागते."

न्यायालयात आवाजाचा ताप मोजणाऱ्या यंत्राचा दिवा हिरवाच राहिला.

"ताप नाही. आरोपी मवाळ आहे, सोडून द्या," न्यायाधीश म्हणाले.

"अहो, पाळण्यात माझी तान्ही होती!" साळूबाई किंचाळली, आणि दिवा लालभडक झाला.

"जहाल! बाई, हेच शांतपणे सांगा, नाहीतर कोठडीत जाल."

विश्वंभरने हसून पाण्याचा पेला पुढे केला. "घ्या ताई. गोड बोलायला काय जातं?"

साळूबाईला त्या गोडव्याची शिसारी आली. पेला तिने भिंतीवर भिरकावला आणि तान्हीचं नाव घेऊन आणखी मोठ्याने ओरडत ती स्वतःच कोठडीकडे चालू लागली.