सुळक्याच्या फटीतले बुडबुडे

२००९ च्या डिसेंबरात मालवणच्या समुद्रातल्या एका बुडालेल्या सुळक्यापाशी डुबकी मारताना निकेत नाहीसा झाला. शोधाशोध थांबली, तेव्हा आठव्या दिवशी त्याचा थोरला भाऊ रविराज स्वतः पाठीला सिलिंडर बांधून निघाला.

"आज पाण्याक ओढ आसा रे, जाव नको," होडीवरचे महादूकाका म्हणाले.

"भावाक हयच सोडू काय, काका?"

वीस मीटर खोलीवर प्रवाहाने त्याला जवळजवळ उचललंच. दोन्ही हातांनी खडक धरून तो सुळक्याला चिकटला. त्याने सोडलेला श्वास बुडबुडे होऊन आडवा वाहून जात होता. मासेसुद्धा एकाच बाजूला ढकलले जात होते.

मग समोरच्या फटीतून निघणारे बुडबुडे त्याला दिसले. ते सरळ वर चालले होते. थोडे यायचे, थांबायचे, पुन्हा यायचे, माणसाच्या श्वासासारखे.

त्याने मान वाकवून कपाळावरच्या बॅटरीचा झोत आत टाकला. फट जेमतेम वीतभर खोल होती आणि रिकामी होती.

रविराजला रडू फुटलं. भावाचं नाव तोंडातल्या नळीतच घोगरं उमटलं.

बुडबुडे एकदम थांबले.

त्याने एक हात सोडून फटीपुढे धरला. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग त्या गार पाण्यात त्याच्या तळव्यावर एक लांब, ऊबदार श्वास फुटला.