बोनेटवरची थाप

नेरच्या आमच्या गॅरेजात काम झालं की माझा धाकटा भाऊ जलाल बोनेटवर दोन थापा मारतो. त्याआधी कोणी चावी फिरवली तर त्याचं डोकं फिरतं.

तो टीव्हीवर खेळतो त्या मोटाररेसच्या गेममध्येही तसंच आहे. जलालनं गाडीवर आमच्या गॅरेजचं नाव रंगवलंय. गोल ट्रॅकवर फिरून ती टायर बदलायला थांबते, मग निळ्या टोपीवाला मेकॅनिक बोनेटवर दोनदा थापटतो आणि गाडी सुटते.

आज दुपारी पडद्यावर टायर बदलून झाले, बाकीचे मेकॅनिक बाजूला झाले, पण निळ्या टोपीवाला हात वर धरून तसाच उभा राहिला.

"जलाल, जेवाले चाल. भाकर थंडी होऊन राह्यली," मी हाक मारत आले.

"आपा, उठनंच होऊन नाही राह्यलं. त्यानं थाप नाही मारली."

"नौटंकी पुरे!" मी त्याला दंड धरून ओढलं. खुर्चीसकट तो जागचा हलला नाही.

चिडून मीच टीव्हीवर दोन थापा मारल्या. पडद्यावरची गाडी भरधाव सुटली.

"गाडी गेली, आपा," घामानं भिजलेला जलाल म्हणाला. "आता मले कोन सोडीन?"

मी त्याच्या पाठीवर एक थाप मारली. दुसरीसाठी हात उचलला, तर पडद्यातल्या मेकॅनिकनं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. त्याचं काम अजून झालं नव्हतं.