वळसा

"सगळ्या झोपड्या धुंडाळल्या साहेब, कुठं दाणा नाही," सुभानानं सांगितलं. जर्मनांशी लढायला इंग्रजांनी त्याची पलटण आफ्रिकेत आणली होती, आणि गावोगावचं धान्य उपसून साहेब तिचं पोट भरत होता.

अंगणात एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढची शेणानं सारवलेली ओलसर जागा सुभानानं आल्याआल्या हेरली होती. माणदेशात त्याची आईही सुगी झाली की जमिनीतलं पेव ज्वारीनं भरायची आणि तोंड बुजवून असंच वरून सारवायची. पण त्यानं ते साहेबाला सांगितलं नाही. आपल्या हातून एक घर तरी वाचलं, एवढ्यानंच त्याला बरं वाटलं.

"चला मग," साहेब म्हणाला. सुभाना अंगण ओलांडून निघाला.

"थांब. सरळ वाट सोडून वळसा का घातलास?"

पेवावर पायताण घालून चढायचं नाही, खाली लक्ष्मी असते, हे सुभानाच्या पायांना लहानपणापासून ठाऊक होतं. साहेबानं त्या जागेवर बूट आपटला. खालून पोकळ आवाज आला.

पोती भरली जात होती तेव्हा म्हातारी साहेबाकडं बघतच नव्हती. ती सुभानाकडं बघत होती.

साहेबानं त्याची पाठ थोपटली. पुढच्या गावात त्यानं सुभानाला सगळ्यांच्या पुढं चालायला लावलं, आणि स्वतः त्याच्या पावलांवर नजर ठेवून मागून येत राहिला.