दोघींची दोरी

मिसेस मॉरिसन यांच्या चादरी दोरीवर होत्या, आणि आज रविवार होता.

अर्चनाने खिडकीची काच पुसून पुन्हा पाहिलं. दोन पांढऱ्या चादरी, उशीचे अभ्रे, एक करडा स्वेटर.

“यतीन, ऊठ! हे बघ काय!”

यतीन स्टॉर्नोवेच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होता. नाइट ड्यूटी करून नुकताच झोपला होता. डोळे चोळत खिडकीशी आला. “कपडे आहेत. मग?”

“अरे, रविवार आहे. आणि तिचे कपडे आहेत.”

स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या या गावात रविवारी कोणी कपडे वाळत घालत नसे. दुकान बंद, पेट्रोल पंप बंद. लंडनच्या ईलिंगहून येताना अर्चनाला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच रविवारी तिने यतीनचे शर्ट वाळत घातले. घर जोडघर होतं. मधली भिंत एक, मागच्या अंगणातली दोरीही एकच. शेजारच्या मिसेस पेगी मॉरिसन काठी टेकत आल्या.

“देवाने तुम्हाला सहा दिवस दिलेत,” त्या म्हणाल्या. “त्याचा एक त्याला राहू द्या.”

तेवढ्यात चर्चच्या गाड्या वळणावर हळू झाल्या. त्यानंतर गावात अर्चनाशी कोणी हवापाण्यापलीकडे बोललं नाही. रविवारी मिक्सर लावला की भिंतीवर काठीचे ठोके पडत. कंबर दुखावल्यापासून मिसेस मॉरिसन चर्चला जात नसत, फोनवर प्रवचन ऐकत. पण शनिवारी अंधार पडायच्या आत दोरी रिकामी होई. चिमटेसुद्धा आत जात.

यतीनचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, ते उद्या कळवायचं होतं. त्याला राहायचं होतं. अर्चनाला इथे आणखी एक हिवाळा नको होता. एकटी परत जाईन, असं ती म्हणाली होती, आणि ते ती रागात म्हणाली नव्हती.

“मुद्दाम घातलेत तिने,” अर्चना म्हणाली. “परवा मी तिच्यासमोर रडले. इथे कोणी मला आपलं मानत नाही म्हटलं. तिने नुसता हात थोपटला. हे तिचं उत्तर आहे.”

“विसरली असेल म्हातारी.”

“देव विसरेल, ती नाही विसरणार. काल मी परत आले तेव्हा अंधार होता, पण दोरी रिकामी केल्याशिवाय तिचा शनिवार संपत नाही. आज सकाळीच घातलेत.”

तिने मशीनमधले ओले कुर्ते काढले आणि बाहेर गेली. चादरी केव्हाच वाळल्या होत्या. वाराच तसा होता. त्या जरा सरकवून तिने मधल्या जागेत आपले कुर्ते घातले. लाल, पिवळा, मोरपंखी. शेजारच्या खिडकीचा पडदा बंद होता. तरी तिने तिकडे पाहून हात हलवला.

चर्चला निघालेल्या गाड्या वळणावर हळू झाल्या. एकीत मर्डो मॅकेन्झी होते, चर्चमधली वजनदार असामी. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मान फिरवली आणि गाडी पुढे नेली.

“बघा, बघा,” अर्चना पुटपुटली. “आज आम्ही दोघी आहोत.”

आत येऊन तिने गाणी लावली. थोड्या वेळाने भिंतीवर ठोका पडला.

“झालं,” यतीन अंथरुणातून ओरडला. “तुझी मैत्रीण चिडली.”

“असू दे. कपड्यांची परवानगी दिलीय, गाण्यांची नाही.” तिने आवाज कमी केला. पुन्हा ठोका आला, जमिनीलगत, हलका. “खुर्चीतून मारतेय. उठायचाही कंटाळा!”

तिने गाणी बंद केली. आणखी काही ठोके आले आणि मग थांबले.

“समाधान झालं एकदाचं,” यतीन म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

दुपारी तिने नारळाच्या वड्या केल्या. वाटण्यासाठी काही करावंसं वाटण्याची ही इथली पहिलीच वेळ.

“आत्ताच दे की नेऊन,” यतीन म्हणाला.

“वेडा आहेस का? रविवारी कोणाचं दार वाजवायचं नसतं. तिने माझ्यासाठी एवढं केलं, मला एवढंही पाळता येऊ नये? उद्या देईन.”

संध्याकाळी कुर्ते काढताना तिने चादरी तशाच ठेवल्या. मग यतीनला म्हणाली, “उद्या कळव त्यांना. राहतोय आपण.”

सोमवारी सकाळी ती डबा घेऊन बाहेर पडली तेव्हा शेजारच्या दाराशी पोलिसांची गाडी होती. सोमवारी येणाऱ्या मदतनीस बाई पायरीवर बसून रडत होत्या.

“शनिवारी कपडे वाळत घालून आत आल्या आणि पडल्या असाव्यात,” पोलीस बाई म्हणाली. “कालचा बराचसा दिवस जिवंत होत्या, असं दिसतंय.”

मर्डो मॅकेन्झी हॅट हातात घेऊन फाटकाशी उभे होते. त्यांची नजर अर्चनाच्या डब्यावरून दोरीकडे गेली.

“पेगीने रविवारी दोरीवर कधी चिमटासुद्धा ठेवला नाही,” ते म्हणाले. “तिची नुसती चादर दिसली असती, तर गाडी तिथेच टाकून आत धावलो असतो. काल गाडी हळूही केली होती.”

त्यांनी हातातली हॅट फिरवली.

“पण मध्ये तुमचे रंगीत कपडे दिसले. वाटलं, सगळेच तुमचे.”