रेघा मिळाल्या तिथे

पिराच्या टेकडीवरचं हिरवं निशाण.

जुन्या पुलाचा पाण्याबाहेर उरलेला एकुलता खांब.

टेलिफोनच्या तारेतून येणारी किरकिर.

एक चिमुकली हिरवी बांगडी.

"ब्रह्मचारी देवाले बांगड्या!" आणि त्यामागे पिकलेला हशा.

पडद्यावर अजून काहीच नव्हतं. शेवंताबाई तरीही पदर सावरून त्याच्याकडे बघत होती. धुळ्यातलं हे इंटरनेटचं नवं दुकान नासीरचं. "धीर धरा, अक्का," तो म्हणाला. "आज लाइन म्हातारी झाली आहे."

उद्या तिच्या मुलाची, लीलाधरची, वरात नावेतून निघणार होती. खैरपाड्याची ती रीतच. धरणाचं पाणी एका पावसाळ्यात चढलं. माणसं गुरंढोरं घेऊन टेकाडावर आली, मारुतीचं देऊळ खालीच राहिलं. तेव्हापासून नवी सून आली की तिला नावेत बसवून देवळाच्या डोक्यावर न्यायचं आणि पाण्यात नारळ सोडायचा. जागा दाखवायची शेवंताबाईच्या वडिलांनी, तोताराम आबांनी. ते नावेच्या टोकाला बसत. पिराचं निशाण मागच्या डोंगराच्या खिंडीत बसलं आणि पुलाचा खांब पलीकडच्या सुळक्याला टेकला, की हात वर करत. मग बंडीच्या खिशातून ती चिमुकली बांगडी काढत आणि नारळाबरोबर तीही सुनेच्या हातून पाण्यात सोडवत. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

यंदा गावातल्या रुपचंदने विचारलं; ब्रह्मचारी देवाला बांगड्या कशाला, म्हणून लोकांना हसवलं. गेल्या वर्षीच्या दोन सुना माहेरी निघून गेल्या होत्या. "आबा, तुमना मारुती सरकी गया का?" तो भर पारावर म्हणाला. "नारळ मासेच खातस." पंचांनी ठरवलं, जागा सिद्ध करा, नाहीतर या वरातीपासून टोकाला रुपचंद बसेल.  आबांनी नुसता बंडीच्या खिशावर हात दाबून धरला. त्या हातासाठी शेवंताबाई सकाळची एसटी धरून आली होती.

देवळाची जागा शोधायला नासीरने गावाचं नाव टाकून पाहिलं होतं. काही नाही. तालुक्यासकट टाकलं. काही नाही. मग तो खुर्चीत मागे रेलला. "बुडालेल्या गावाला कोण ओळखणार? शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारू." त्याने पिंपळनेर टाकलं, साक्री टाकलं, नदीचं नाव टाकलं आणि शेवटी 'जुना नकाशा'. कुठल्याशा दूरदेशीच्या विद्यापीठाने इंग्रजी अमदानीतले नकाशे कुणालाही फुकट बघायला ठेवले होते.

चित्र वरून उघडू लागलं. एक पट्टी. थांबलं. आणखी एक पट्टी. आधी सुळका. मग डोंगरातली खिंड. मग पिराची टेकडी.

पाणी उतरत होतं.

पूल आला, सगळ्या खांबांसकट. विहीर आली. शेतांमधून जाणारी पायवाट आली.  ज्या वाटेने शेवंताबाई शाळेत जायची, ती वाट कोरडी ठणठणीत होऊन तिच्यासमोर पडली होती. तिने पडद्याला बोट लावलं, मग बोटाकडे पाहिलं. ते ओलं नव्हतं.

देवळाची खूण उघडली तेव्हा तिने हात जोडले. नासीरही जागचा उठून उभा राहिला. "या अल्ला," तो हळूच म्हणाला. "तिकडे कुणीतरी तुमचं गाव जपून ठेवलंय, अक्का. आणि त्याला पत्ताही नाही."

कागद छापून निघाला. नासीरने पट्टी घेतली. खिंडीपासून पिरावरून एक रेघ ओढली. सुळक्यापासून खांबावरून दुसरी.

रेघा मारुतीवर मिळाल्या नाहीत. खूप खाली, नदीच्या वळणावर मिळाल्या. तिथे देऊळ नव्हतं, घर नव्हतं, वाटसुद्धा नव्हती. झाडाची एक खूण होती.

"उंबर," शेवंताबाई म्हणाली.

"पट्टी हलली असेल," म्हणत नासीरने रेघा पुन्हा ओढल्या. पुन्हा उंबर.

दिवेलागणीला तिने कागद आबांपुढे पसरला. त्यांचं बोट धरून आधी देवळावर ठेवलं, मग झाडावर आणलं. "मारुती तठे शे, आबा. तुम्ही आठे थांबतस."

आबांनी ते झाड बोटाने पुन्हा पुन्हा चाचपलं. इतकं हळू, जणू कागदाखाली कुणी झोपलं होतं.

"मारुतीले सारं गाव शे, माय," ते म्हणाले. "तिले कोन शे?"

सकाळी काठावर वाजंत्री थांबली. सगळं गाव उभं होतं. "मंग?" रुपचंद पुढे आला. "काय निंघनं नकाशामा?"

शेवंताबाईने आबांचा हात धरला आणि त्यांना नावेच्या टोकाला नेऊन बसवलं.

"आबा थांबतस तठेच," ती म्हणाली.

निशाण खिंडीत बसलं. खांब सुळक्याला टेकला. आबांचा हात वर जायच्या आत शेवंताबाईने त्यांच्या बंडीच्या खिशातून बांगडी काढली आणि नव्या सुनेच्या तळव्यावर ठेवली. "नारळ मागून. आधी ही सोड."

सोनी, शेवंताबाईची थोरली बहीण, गोवराने गेली तेव्हा दीड वर्षाची होती. शेवंताबाईचा जन्म व्हायचा होता. लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून आबांनी तिला नदीच्या वळणावर, उंबराखाली पुरलं होतं.