लागलं का?

नव्या बाईने बॉक्सिंगच्या बॅगेवर पहिला ठोसा मारला, की मागे दडलेली शकूताई कळवळायची, "आई गं, मेले!" बाई दचकून बॅगेचीच माफी मागायची, "सॉरी हं, लागलं का?" मग अख्खी जिम खिदळायची आणि बाईची भीड मोडायची. इचलकरंजीत बायकांच्या या जिमची शाखा कंपनीकडून चालवायला घेतल्यापासून मालकीण शकूताईचा हा खेळ रोजचाच.

छबूबाई मात्र दोन दिवस ग्लव्हज घालून नुसतीच उभी. फुकटचे दिवस कंपनीच्या नियमाने तीनच. आजही हात उचलला नाही तर ही परत येत नाही, हे शकूताईने ओळखलं.

"मारा हो, चावते काय ती?" म्हणत ती बॅगेमागे दडली. बऱ्याच वेळाने हलकासा ठोसा आला.

"आई गं, मेले!"

छबूबाईने माफी मागितली नाही. बॅगेपाशी तोंड नेऊन म्हणाली, "मी असं ओरडले की नवरा अजून जोरात मारायचा."

पुढच्या ठोशाला बॅग अशी उसळली, की शकूताई चार हात लांब जाऊन पडली. कुणी हसलं नाही. शकूताई तोंडात बोट घालून बघत राहिली. मग उठून तिने बॅग कवटाळली.

"मारा," ती म्हणाली. "मी धरलीय."